एक लेन्स, ज्येष्ठ ते आषाढी : अनुभव, प्रश्न आणि कुरकुर

सोनटक्का (धागाकर्ती)

मंडळी, आषाढी झाली, एका लेन्सचं आव्हान संपलं. प्रचि (प्रकाशचित्रं) त्या त्या आठवड्याच्या धाग्यावर आहेतच, इथे पुन्हा डकवू नका. हा धागा गप्पांचा. कुठली लेन्स वापरलीत, काय जमलं, कुठे अडलं, आणि आता खरेदीच्या यादीत काय वाढलं किंवा यादीतून काय गळलं, ते लिहा.

नव्याने आलेल्यांसाठी नियम: महिनाभर एकच फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा (लहान असेल तर वाइड, जास्त दृश्य मावतं; मोठा असेल तर टेली, लांबचं जवळ दिसतं). प्राइम (झूम नसलेली लेन्स) असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत येणारी, बहुधा १८-५५) झूम रिंग एका आकड्यावर चिकटपट्टीने बंद करायची. मोबाइलवाल्यांनी मागच्या कॅमेऱ्यांपैकी एकच निवडायचा, स्क्रीन बोटांनी ताणायची नाही. विषय होते अंधारातला उजेड, ओलं, पाय आणि दार.

माझी बॉडी १.५ क्रॉपची (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, दीडपट लहान), त्यावर ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). म्हणजे फुल फ्रेमवर ७५ मिमी लावल्यावर जेवढं दिसेल तेवढंच दिसणार. ‘दार’ने माझ्या तोंडाला फेस आणला. पेठेतल्या बोळात पाठ पलीकडच्या भिंतीला लागली तरी समोरचा दरवाजा चौकटीसकट मावत नाही. शेवटी अख्ख्या दाराचा नाद सोडला. कडी-कोयंडा, हात लागून लागून गुळगुळीत झालेली दिंडीची (मोठ्या दारातल्या लहान दाराची) कड, तोरणातली वाळलेली आंब्याची पानं, असं तुकड्यातुकड्यांनी मिळत गेलं आणि एरवीच्या माझ्या ‘सगळंच हवं’ फोटोंपेक्षा बरं मिळालं. फक्त ही लेन्स ४५ सेंमीच्या आत फोकस करत नाही, त्यामुळे कोयंड्यावरचा पावसाचा थेंब लांबूनच बघावा लागला.

आता माझा मुख्य मुद्दा. मी ७०-३०० टेली झूम घ्यायला पैसे साठवत होते. आव्हानाच्या आधी मागच्या वर्षभराच्या फोटोंचा एक्झिफ (फोटोसोबत साठणारी सेटिंग्जची नोंद) चाळला. डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोकल लेंग्थवर फोटो गाळता येतात. तर निम्म्याहून जास्त फोटो १८ मिमीवर! पैसे टेलीसाठी आणि फोटो सगळे वाइडवर. ७०-३०० सध्या यादीतून बाहेर. तुम्हीही घेण्याआधी हा हिशेब करा, एवढंच सांगते.

मनवा

मस्त धागा. इतके दिवस रोमात (नुसती वाचत) होते, आज प्रश्न विचारायचा म्हणून लॉग इन केलं. माझ्याकडे निकॉन डी३४०० आणि किट लेन्स आहे. मी ३५ वर चिकटपट्टी लावली होती. आता प्राइम घ्यायचीय. एका ओळखीच्यांकडे ५० मिमी एफ १.८ डी आहे, अगदी स्वस्तात देतायत. घेऊ का?

देवराई७

मनवा, थांबा. ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कुठल्याच बॉडीत ती नाही. लेन्स बसेल, मीटरिंगही (उजेड मोजणं) होईल, पण ऑटोफोकस चालणार नाही. डी९० किंवा डी७००० असता तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. तुमच्यासाठी एएफ-एस लिहिलेली (मोटर लेन्समध्येच असलेली) लेन्स बघा: ५० एफ १.८ जी, नाहीतर ३५ एफ १.८ डीएक्स. महिनाभर ३५ वर काढलेच आहेत ना? मग उत्तर तुमच्याकडेच आहे.

सोनटक्का, तुमच्या एक्झिफच्या हिशेबाला माझी हरकत. कॅमेरा चालू केला की किट लेन्स बहुधा १८ वरच असते. समोर काही दिसलं की आपण आधी बटण दाबतो. त्यामुळे १८ चा आकडा गरज दाखवत नाही, आळस दाखवतो. ५५ चा आकडा उलट्या कारणाने फसवतो: तिथे लेन्स संपते, म्हणून सगळे तिथे येऊन अडतात. ही दोन्ही टोकं सोडा आणि मधल्या आकड्यांत ढीग कुठे पडलाय ते बघा. तिथे तुम्ही मनगट फिरवून, ठरवून थांबला होतात. माझा ढीग २८ ते ३५ मध्ये निघाला.

सोनटक्का

देवराई, पटलं. टोकं सोडून बघितलं तर माझा ढीग २४ च्या आसपास आहे. म्हणजे ५० घेऊन मी महिनाभर स्वतःच्या सवयीच्या बरोबर उलट वागत होते. तरीच चिडचिड!

उगाच_एक

आम्ही मोबाइलवाले. मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीच्या तोडीचा, त्यामुळे दार पूर्ण मावलं, चौकटीवरच्या गणपतीसकट. :) डीएसएलआरवाल्यांनी जळावं.

तिसरी_घंटा

उगाच_एक, जळलो. पण तुमच्या दाराच्या दोन्ही कडा आत झुकल्यात, वरचा गणपती दरीत पडतोय असं वाटतं. वाइडने जवळून, मान वर करून काढलं की असंच होणार. मोबाइल सरळ धरा, खाली जास्त फरशी येऊ द्या, मग फरशी कापा. काटछाट नियमात बसते.

माझी लेन्स: ५० एफ १.८ एसटीएम, १.६ क्रॉपवर. मुंबईत लोकलच्या डब्यात ८० मिमी म्हणजे समोरच्याच्या शर्टाचं तिसरं बटण. ‘पाय’ मात्र वसूल. फलाटावर पाणी साचलेलं, त्यात उलटी दिसणारी गर्दी. १/३० सेकंदाच्या शटरवर कॅमेरा चालणाऱ्याच्या वेगाने फिरवत राहायचं, एक पाऊल बऱ्यापैकी स्पष्ट, बाकी सगळं पुसलेलं. बहुतेक फ्रेम वाया जातात. जी लागते ती लागते.

चंद्रकोर

‘अंधारातला उजेड’साठी मी भंडारदऱ्याला काजव्यांच्या मागे होतो. मे संपता संपता सुरू होतात, पाऊस एकदा धो-धो लागला की कमी होत जातात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जेमतेम गाठले. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर या झाडांवर गर्दी जास्त. एकेक झाड एकदम पेटतं, एकदम विझतं.

सेटिंग्ज विचारतील म्हणून आधीच लिहितो. ट्रायपॉड, मॅन्युअल फोकस (उजेड असतानाच झाडावर फोकस लावून रिंगवर चिकटपट्टी, ती आव्हानात सगळ्यांकडे होतीच), एफ २, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, प्रत्येकी २० सेकंद. आभाळात तारे असतील तर ५० मिमीची पंचाईत होते. ढोबळ नियम असा: ५०० भागिले फुल फ्रेमच्या हिशेबातले मिमी. ५०० भागिले ७५ म्हणजे साडेसहा सेकंदांच्या पुढे तारे रेघा व्हायला लागतात. १८ मिमीला (फुल फ्रेमच्या हिशेबात २७) हेच साडेअठरा सेकंदांपर्यंत जातं. म्हणून मी आभाळ टाळलं, फक्त झाड घेतलं. बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून शेवटचा प्रचि केला, तो धाग्यावर आहे.

एक विनंती. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याचे नियम पाळा, टॉर्च झाडावर मारू नका, गाडीचे दिवे बंद करा. माद्या बऱ्याचदा जमिनीलगत, गवतात असतात. फोटोसाठी झाडाखाली घुसणारे त्यांच्यावरच पाय देतात. मी गेलो तेव्हा लोक फ्लॅश मारून काजव्यांचा फोटो काढत होते. काय बोलणार.

देवराई७

चंद्रकोर, प्रचि सुंदर आहे, वाद नाही. पण रचलेल्या फ्रेम्स आव्हानात चालाव्यात का? आपण तिथे उभे असताना डोळ्यांना एका क्षणी इतके काजवे दिसत नाहीत. अर्ध्या तासातले काजवे एका फोटोत आले की ती वेगळीच गोष्ट होते. निदान प्रचिखाली ‘इतक्या फ्रेम रचल्या’ असं लिहावं.

चंद्रकोर

लिहिण्याला ना नाही, आत्ता लिहितो. बंदीला मात्र विरोध. २० सेकंदांची एक फ्रेमही डोळ्यांना दिसत नाही. मग धबधब्याचं दुधासारखं पाणीही बाद करा.

उगाच_एक

मधे पडतो. माझ्या मोबाइलचा नाइट मोडसुद्धा भराभर फ्रेम्स घेऊन आपल्याआपणच रचतो, मला विचारतही नाही. चंद्रकोर बाद झाले तर मोबाइलवाला प्रत्येक रात्रीचा फोटो बाद.

तिसरी_घंटा

उगाच_एक यांचं नाव आता बदलायला हवं. मुद्दा उगाच नाही.

ओहायोचा_ओंकार

इकडून हजेरी. जून-जुलैत आमच्या परसातच काजवे असतात, अभयारण्यात जावं लागत नाही. इथला नेहमीचा काजवा संधिप्रकाशात उडता उडता वर वळसा घेत चमकतो, त्यामुळे लांब एक्सपोजरमध्ये इंग्रजी जे अक्षरासारख्या रेघा उमटतात. मी ३५ मिमी वापरली. अडचण एकच: जूनमध्ये अंधार पडायला रात्रीचे साडेनऊ-दहा वाजतात आणि सकाळी ऑफिस. भंडारदऱ्यासारखं झाड मात्र इथे पेटत नाही. लहानपणी मामाच्या गावी बघितलं होतं, तेव्हा कॅमेरा नव्हता.

रचण्याबद्दल: लिहा आणि चालू द्या.

लाल_माती

मी सिंधुदुर्गातून. तुमच्या फ्रेम्स चालू द्या, मी पावसाळ्यातल्या खऱ्या शत्रूबद्दल लिहिते: बुरशी. ‘ओलं’ विषयाच्या उत्साहात सगळ्यांनी कॅमेरे भिजवलेत, आता ते बॅगेत कोंबून दिवाळीपर्यंत ठेवू नका. बॅगेचा फोम ओल धरून बसतो. चामड्याची केस तर बुरशीचं माहेर.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे नुसते ठेवून पांढरे होतात, तिथे लेन्सची काय कथा. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की काचेवर बारीक तंतू धरायला लागतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. सुरुवातीला फोटोत काही कळत नाही. मग उजेडासमोरचे फोटो धुरकट यायला लागतात. उशीर झाला तर काचेवरचं कोटिंगच खाल्लं जातं आणि साफ केल्यावरही डाग राहतो.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या, ४० ते ५० टक्क्यांवर लावून ठेवा. नसेल तर रबरी रिंगचा हवाबंद डबा, धान्याचा मोठा असतो तसा. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, हा मात्र घ्याच. डब्यात नक्की किती ओल आहे हे कळल्याशिवाय जेल किती घालायचं ते कसं ठरवणार? ३० टक्क्यांच्या खालीही नेऊ नका, फार कोरड्यात रबर आणि आतलं ग्रीस बिघडतं. जेल रंग बदलणारं घ्या. निळं भिजलं की गुलाबी होतं, नारिंगी भिजलं की हिरवं. नारिंगीच घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, तो स्वयंपाकघरात नको. भिजलेलं जेल ओव्हनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास तापवलं की परत कामाला येतं. रोजच्या जेवणाच्या भांड्यात तापवू नका.

आणि तांदूळ नको! दरवर्षी कोणीतरी हे सुचवतं. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते, फायदा नावापुरता.

सगळ्यात स्वस्त उपाय: वापरा. ऊन पडलं की लेन्स बाहेर काढा, झूम-फोकस फिरवा, हवा खेळू द्या. आमच्याकडे पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी लागते.

मनवा

बापरे. माझा कॅमेरा गादीखालच्या पेटीत आहे. आत्ता काढते.

पंचगंगा_काठ

लाल_माती ताई, लई कामाचं लिहिलंसा. हेच्यात माझी एक भर. एसी गाडीतनं डायरेक पावसाच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाहेरनं आणि कधी आतनंबी वाफ धरत्या. उतरायच्या आधी थोडा वेळ कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून ठेवायचा. बाहेरच्या हवेएवढा तापला की मग पिशवी उघडायची. वाफ धरलीच तर पुसत बसू नगासा, लेन्स तर अजिबात काढू नगासा. आपोआप जात्या.

पावसात संरक्षण म्हणून महागाचं रेनकव्हर घेतलं नाही. हॉटेलातली शॉवर कॅप बॉडीवर, लेन्सला हूड. हूड उन्हासाठी असतंय म्हणत्यात, पण थेंब आडवायला त्यासारखं दुसरं न्हाई. पुसायला सुती पंचा.

वाटसरू

‘पाय’ विषय मी वारीसाठीच राखून ठेवला होता. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते तेव्हा दिवे घाट लागतो. दरवर्षी वर्तमानपत्रात येतो तो फोटो, घाटाच्या वळणांवर माणसांचा ओढा, तो ५० ने मिळत नाही. एरवी मीही १८ घेऊन कड्यावर जाऊन बसतो. यंदा वरून बघण्याचा मार्गच बंद झाला म्हणून खाली, लोकांबरोबर चाललो.

चालताना लक्षात आलं की पायांचा फोटो काढायला आपलेही पाय चालते हवेत. थांबलं की दिंडी पुढे जाते, मागची येते, चेहरे बदलतात. एकाच दिंडीबरोबर राहिलो. एक आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पायाचा काय फोटू काढतुयास, तोंडाचा काढ की." काढला, स्क्रीनवर दाखवला, पत्ता घेतला, प्रिंट पाठवणार आहे. ७५ मिमीचा दृष्टिकोन चेहऱ्याला फार छान, नाक फुगत नाही. आणि एवढ्या अंतरावर असताना न विचारता फोटो काढणं जमतच नाही, समोरच्याला तुम्ही दिसता. टेलीने लांबून टिपलेले वारकरी आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

तांत्रिक: ढगाळ, एफ २.८, १/५००, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. चिखल उडताना गोठवायचा तर १/५०० च्या खाली नको. पाऊस दिसायला हवा तर मागे गडद काहीतरी आणि उजेड समोरून. पांढऱ्या आभाळावर पाऊस फोटोत दिसत नाही, कितीही कोसळू दे. पुढे चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणालाही जायचं होतं, रजा मिळाली नाही.

सोनटक्का

वाटसरू, आजींचा प्रचि त्यांना विचारून इथे टाकता आला तर टाका. नाहीतर राहू दे.

वाटसरू

प्रिंट पोचली की फोन करून विचारतो. आंतरजाल म्हणजे काय हे आधी समजवावं लागेल. किंवा नसेलही, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगला मोबाइल होता.

मनवा

देवराई, सल्ल्याबद्दल आभार. ‘डी’ लेन्स घेतली नाही. आता ३५ एफ १.८ डीएक्स जुनी बघतेय. मुंबईत कुठे? आणि काय तपासायचं?

तिसरी_घंटा

फोर्टात बोरा बाजार, सीएसएमटीवरून चालत. जाताना स्वतःची बॉडी आणि रिकामं कार्ड न्या. एफ १.८ वर जवळ आणि लांब दोन्हीकडे फोकस लागतो का बघा. मग मोबाइलची टॉर्च लेन्सच्या एका बाजूने तिरकी मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे चार कण असतात, त्याचं काही नाही. लाल_माती म्हणाल्या तसे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असो, ठेवून या. आतल्या अ‍ॅपर्चरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पाकळ्यांवर तेल नको. बॉडी घेणार असाल तर शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) बघा.

लगेच पैसे देऊ नका, बाहेर येऊन चहा प्या. भाव चहानंतर उतरतो.

क्लिकथ्री

तरुण मंडळींचं वाचतोय. आमच्या काळी हे आव्हान नव्हतं, नाइलाज होता. आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, झूम नाही, फोकस नाही, एका रोलवर बारा फोटो. त्यात एका लग्नात वधू-वर, पंगत, विहीण आणि पाठवणी बसवायची. बाराव्यानंतर कोणी कितीही चांगलं हसलं तरी उपयोग नाही.

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये डागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. पंधरा वर्षांत, १८५४ ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते, स्वतः फोटो काढायचे. त्यांच्या काळी काचेची एकेक प्लेट तयार करून फोटो घ्यावा लागे. तेव्हा पुढचं आव्हान माझ्याकडून: १९ ऑगस्टला दिवसभरात बाराच फोटो. लेन्स कुठलीही. स्क्रीनवर बघायचं नाही, रात्री घरी जाऊन बघायचं. आणि बाराच्या बारा इथे टाकायचे, निवडून नाही.

तिसरी_घंटा

काका, बाराच्या बारा? फसलेलेसुद्धा?

क्लिकथ्री

फसलेले आधी.

चंद्रकोर

मी आहे. रचायला बंदी असेल असं गृहीत धरतो.

देवराई७

रचा की. बारा फ्रेम रचून एक प्रचि टाका, दिवस संपला.

लाल_माती

+१. आमच्याकडे १९ ऑगस्टला पाऊस असणारच. शॉवर कॅप तयार आहे.

उगाच_एक

मोबाइलवर न बघता कसं काढायचं हो? स्क्रीन हाच व्ह्यूफाइंडर.

सोनटक्का

काढताना बघा, काढल्यावर गॅलरी उघडू नका. नवीन धागा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काढते, नियम तिथे लिहीन. बर्स्ट मोड (एका दाबात भराभर अनेक फोटो) बंद. काकांना अजून काही घालायचं असेल तर सांगा.

मनवा

एक शंका. चुकून बटण दाबलं जाऊन बॅगेच्या आतला काळा फोटो आला तर तो बारात धरायचा का?

क्लिकथ्री

धरायचा.